हशा – मध्यम, स्त्रिया जास्त: माननीय सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

साधारण चाळीस वर्षांपूर्वी नाशिकच्या सायखेडकर नाट्यगृहात आमच्या हौशी मंडळींचं फार्सिकल नाटक चालू होतं. मध्येच टेलिफोन वाजला. त्या वेळी रिसीव्हर नायकाच्या कानाला लागून चांगली दोन-तीन वाक्यं झाली होती. फोन वाजवणारा मी. इफेक्ट्सची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या आवाजांची कॅसेट पुढे सरकली होती, ती पेन्सिलीने फिरवून मागे आणेपर्यंत नायकाला धीर निघाला नाही. त्याने एकदा विंगेत माझ्याकडे पाहिलं, रिसीव्हरवर हात ठेवला आणि म्हणाला, "जरा थांबा हं, आमचा फोन वाजतोय."

नाशिककर त्या रात्री जे हसले, ते लेखकाच्या एकाही वाक्याला हसले नव्हते. दिग्दर्शक महिनाभर माझ्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या डेकवर प्रयोगाचं रेकॉर्डिंग चालू होतं, त्यामुळे तो हशा माझ्याकडे राहिला. आधी पुढच्या रांगेतला एक फुस्कारा, मग बाल्कनीतल्या बायका, मग सगळं थिएटर. सगळे थांबल्यावर मागून कुणीतरी एकटाच पुन्हा सुरू होतो आणि त्याच्यामुळे बाकीचे परत फुटतात. पुढे कितीतरी प्रयोगांना मी हा हशा वापरला. शेजारच्या घरात पार्टी चालू आहे, पलीकडे तमाशाचा फड रंगलाय, असं काही दाखवायचं असलं की लावायची तीच कॅसेट.

आपल्याकडे गडकोटांचे विषय येतात, पुरस्कारांचे येतात, स्मारकांचे येतात. हशाच्या टेपांचा विषय घेऊन आलेला मी बहुधा पहिलाच. तरी लिहितो आहे, कारण हे काम आपल्या खात्याशिवाय कुणाच्या अंगावर जाईल असं दिसत नाही.

निमित्त झालं ते माझ्या भाच्याचं. तो मोबाइलवर मराठी विनोदी व्हिडिओ करतो, बरे करतो. सासू-सुनेचा प्रसंग, भाषा अस्सल जुन्या नाशकातली, आणि विनोद संपला की खाली हशा. तो हशा ऐकून मी चमकलो. त्यातली एक बाई दम लागल्यासारखी हुंकारत हसते, ती मला अनेक वर्षं ओळखीची आहे. इंग्रजी मालिकांत ती कधीची हसते आहे. आता आमच्या पंचवटीतल्या सासूला हसायला लागली. भाचा म्हणाला, "मामा, ॲपमध्ये फुकट मिळतं." त्याचं काही चुकलं नाही. आपलं फुकट सोडा, विकतही मिळत नाही.

हा परका हशा मुळात आला कुठून? दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मुलिन नावाच्या अमेरिकन सैनिकाने जर्मनीतून मॅग्नेटोफोन ही टेपवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रं घरी आणली. गायक बिंग क्रॉस्बीला दर आठवड्याला थेट प्रक्षेपणाचा कंटाळा होता, त्याने १९४७ मध्ये ती आपल्या रेडिओ कार्यक्रमासाठी वापरायला घेतली. टेप ब्लेडने कापता येते, चिकटपट्टीने जोडता येते. पुढचा किस्सा खुद्द मुलिननेच सांगून ठेवला आहे. एका विनोदवीराने कार्यक्रमात थोडे चावट किस्से सांगितले. लोक पोट धरून हसले, पण ते किस्से रेडिओवर जाणं शक्य नव्हतं. किस्से कापले आणि हशा जपून ठेवला. काही आठवड्यांनी दुसऱ्या एकाचे विनोद पडले, तेव्हा तो हशा त्याच्या विनोदांमागे जोडून दिला. चावट गोष्टीचा हशा सोवळ्या विनोदाला!

१९५० मध्ये अमेरिकन टीव्हीवर 'हँक मॅक्यून शो'मध्ये प्रेक्षक समोर नसताना हशा भरला गेला. त्याचं शास्त्र केलं ते चार्ल्स डग्लस या सीबीएस वाहिनीतल्या ध्वनितंत्रज्ञाने. त्याने एक पेटी बनवली. पेटीच्या पोटात टेपची ३२ वेटोळी, एकेकावर दहा हशे, म्हणजे एकूण ३२०. वर टाइपरायटरसारख्या कळा, खाली पायाशी पेडल. कळ दाबून हशा निवडायचा, मंद की गडगडाटी, बायकांचा की पुरुषांचा, आणि पेडलने तो फुलवायचा, विझवायचा. संगीत नाटकांत ज्यांनी पायपेटी वाजवली आहे त्यांना हे लगेच कळेल. हशाचीच पायपेटी ती. पेटीला कुलूप असायचं. डग्लस ती ढकलत स्टुडिओत न्यायचा आणि आत काय आहे ते कुणाला दाखवायचा नाही. अनेक वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक विनोदी मालिकांना हा एक माणूस हसत होता.

त्याने कच्चा माल कुठून मिळवला, ते मला फार आवडतं. रेड स्केल्टन या विनोदी नटाच्या मूकाभिनयातून. संवाद नसला की हसण्यावर शब्द सांडत नाहीत, हशा कोरा मिळतो. आमच्यासारख्या इफेक्ट्सवाल्याला ही अक्कल सुचायला दहा वर्षं लागली असती. माझ्या कॅसेटमध्ये अजूनही हशाखाली नायक "हॅलो... हॅलो..." करतोय.

या पद्धतीला त्याच काळात विरोधही झाला. 'मॅश' ही लष्करी इस्पितळातली मालिका १९७२ मध्ये सुरू झाली, तेव्हा वाहिनीला हशा हवाच होता. निर्मात्यांनी भांडून एवढंच मिळवलं की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांत तो वाजणार नाही. बीबीसीने मात्र तीच मालिका इंग्लंडमध्ये हशाशिवाय दाखवली.

बीबीसीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे म्हणून थोडं सांगतो. तिथे 'गून शो' नावाचा रेडिओवरचा भन्नाट विनोदी कार्यक्रम १९५१ ते १९६० चालला. त्यातला स्पाइक मिलिगन नुसत्या आवाजांतून विनोद करायचा. असं सांगतात, की त्याला मोज्यात भरलेलं कस्टर्ड आपटल्याचा आवाज हवा होता. उपाहारगृहातल्या बाईने त्याच्यासाठी अंडी-दूध घालून प्रेमाने कस्टर्ड केलं. याने ते तिच्यादेखत पायातल्या मोज्यात ओतलं. आवाज काही मनासारखा आला नाही म्हणे. बाईच्या चेहऱ्याचं रेकॉर्डिंग कुणी केलं नाही, एवढीच हळहळ. १९५८ मध्ये बीबीसीने रेडिओफोनिक वर्कशॉप काढली. टेप उलटी-सुलटी, जलद-मंद फिरवून नवे आवाज घडवणारा हा विभाग. तिथल्या सुरुवातीच्या कामांत 'गून शो'मधल्या एका मेजरच्या बिघडलेल्या पोटाचे आवाज होते. सरकारी पैशातून ढेकर आणि गुरगुर तयार करणारे लोक, आणि त्याची त्यांना लाज नव्हती.

आपल्याकडे हे सगळं फार आधीपासून होतं, फक्त डब्यात बंद नव्हतं. वगात सोंगाड्याने फटका मारला की ढोलकीवाला थाप देतो. आता टीव्हीवर प्रत्येक विनोदामागे ड्रमचा 'बडम-टिश्' वाजतो. काम तेच, गाव वेगळं. घोड्याच्या टापांना करवंट्या, विजेला पत्रा, पावसाला सुपात फिरवलेले तांदूळ, हे शाळेच्या गॅदरिंगपासून सगळ्यांनी केलेलं असतं. रेडिओवर मुंबई केंद्राचं 'पुन्हा प्रपंच' लागायचं. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी एवढ्यांवर सगळं चालायचं. हसायला आम्ही होतो, वाड्यातली चार बिऱ्हाडं एका रेडिओपुढे.

आणि नाशिकबद्दल तर काय सांगू? दादासाहेब फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९१८ मध्ये त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी इथेच उभी राहिली आणि १९४४ मध्ये ते इथेच गेले. पौराणिक चित्रपट सगळ्यांना माहीत आहेत, पण 'पिठाचे पंजे' नावाची एक छोटी गंमतही त्यांनी केली होती, हे फार जणांना ठाऊक नसतं. मूकपट, म्हणजे आवाज नाहीच. त्याला आमचे पणजोबा कसे हसले असतील, ते आता कधीच ऐकायला मिळणार नाही. इथे डग्लस असता तर पेटी घेऊन पहिल्या रांगेत बसला असता.

आता जी गोष्ट सांगतो, तिच्यासाठीच खरं तर हे पत्र. पंधरा-एक वर्षांपूर्वी एका कार्यालयाने आपली अडगळीची खोली रिकामी केली. कोणतं ते लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती, त्यांना वरून जागा मोकळी करायला सांगितलं होतं, त्यांनी केली. त्यात टेपचे स्पूल वजनावर गेले. मला कळेपर्यंत आठवडा झाला होता. भद्रकालीत एका भंगारवाल्याकडे पोचलो, तर पत्र्याचे डबे नीट रचून ठेवलेले आणि आत टेप नाही. म्हणाला, "काका, डब्याला भाव आहे, टेपला नाही." डब्यांवर शाईने, सुंदर वळणदार अक्षरात लेबलं होती: 'बाजार – सकाळ', 'टांगा – रिकामा', 'दार – करकर, जुने'. आणि एकावर लिहिलं होतं: 'हशा – मध्यम, स्त्रिया जास्त'.

तो डबा मी वीस रुपयांना घेतला. सध्या त्यात चिवडा असतो.

कोणत्या बायका होत्या, कुठल्या हॉलमध्ये, कशाला हसल्या, काहीच कळायला मार्ग नाही. लेबल लिहिणाऱ्याने त्या ऐकून, तोलून 'मध्यम' ठरवल्या होत्या. म्हणजे 'मोठा' आणि 'थोडा' हेही डबे कुठेतरी असणार. अजूनही वेगवेगळ्या केंद्रांत, नाट्यसंस्थांच्या माळ्यांवर, जुन्या ध्वनिमुद्रकांच्या घरी असे स्पूल असतील. नाशकाच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. काही टेपांचा थर ओल ओढून चिकट होतो. अशी टेप ठरावीक तापमानाला काही तास तापवून तात्पुरती वाजण्याजोगी करता येते, पण तेवढ्यात तिची प्रत करून घ्यावी लागते. वाट पाहायला वेळ नाही, एवढंच म्हणायचं आहे.

बीबीसीने २०१८ मध्ये आपल्या संग्रहातले १६ हजारांहून अधिक ध्वनिपरिणाम लोकांसाठी खुले केले. अभ्यासाला, शाळेला, घरगुती वापराला कुणीही उतरवून घ्यावेत. आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे चित्रपट जपले जातात. दार करकरल्याचा आवाज जपणं हे कुणाचं काम, हे मात्र कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथे एक खोली मराठी आवाजांच्या संग्रहासाठी द्यावी. स्मारक महापालिकेचं, आकाशवाणी दिल्लीची, आपलं खातं मुंबईत, हे मला माहीत आहे. म्हणूनच मंत्र्यांना दोन पत्रं लिहावी लागतील. एक महापालिकेला, एक प्रसार भारतीला, की राज्यातल्या केंद्रांवर ध्वनिपरिणामांचे जे स्पूल उरले असतील त्यांची मोजदाद करा, आणि तोवर एकही वजनावर जाऊ देऊ नका. इगतपुरीकडे चित्रनगरी होणार असं आम्ही वर्षानुवर्षे ऐकतो. तिच्या कमानीच्या खर्चात ही खोली चालेल.

खोली झाली की नवं मुद्रणही करावं. सिंहस्थाच्या कामांनी जुनं नाशिक ढवळून निघेल, त्याआधी. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात, माणूस धप्पा मारतो, त्या आवाजाइतका विनोदी आवाज जगातल्या कुठल्याही संग्रहात नसेल. आधी छपाक, मग काठावरच्यांची किंकाळी, मग सगळ्यांचं हसणं, सगळं एका दमात. भांडी बाजाराच्या बाजूला तांबटांची ठोकाठोक आता किती उरली आहे, ते स्वतः येऊन ऐका. गोदाकाठच्या देवळातली नारोशंकराची घंटा आहे. आमच्या घरी मोठ्या आवाजाच्या मावशीला हेच नाव होतं, आणि कार्टून काढणाऱ्या मुलाला पात्र बोलायला लागल्यावर मागे ती वाजवता आली तर किती बरं! धुण्याचा पिळा दगडावर आपटल्याचा आवाज, एसटीचं दार धाडकन लागल्याचा, लग्नाच्या पंगतीत हातातून सुटलेल्या परातीचा. परात खाली पडून गोल गोल फिरते आणि फिरता फिरता थांबते, त्याला अख्खा मांडव थबकून ऐकत असतो.

सगळ्यात आधी मात्र हसणं. वेगवेगळ्या गावांचं, वेगवेगळ्या नाट्यगृहांतलं, परवानगी घेऊन, तारीख आणि जागा लिहून. विदर्भातला हशा आणि कोकणातला हशा एक नाही, हे कुठलाही दौऱ्यावरचा नट सांगेल. पुढच्या वेळी माझा भाचा व्हिडिओ करेल, तेव्हा त्याला निवडायला 'नाशिक – बाल्कनी – बायका' असं काहीतरी सापडावं.

सुरुवात म्हणून माझी कॅसेट देतो. साठ मिनिटांची आहे. फोनचा हशा दुसऱ्या बाजूला, साधारण मध्यावर आहे. त्याआधी आमच्या धाकटीच्या बारशाची गाणी आहेत, प्रत करताना ती कृपया पुसू नयेत. डबाही देईन. फक्त आधी कळवावं, चिवडा काढावा लागेल.

आपला,
एक निवृत्त इफेक्ट्सवाला
पंचवटी, नाशिक