पाच नोंदींचंही मोल असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळीच्या दुखण्यावर घराघरांत घेतल्या जाणाऱ्या मेफेनामिक ॲसिडमुळे क्वचित ‘ड्रेस’ ही गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दिला. पुरळ, ताप, यकृताला इजा. तेही बहुधा औषध सुरू झाल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी. इतक्या उशिरा उठलेल्या पुरळाचा संबंध गोळीशी जोडणं सुचत नाही. तो औषधांच्या दुष्परिणामांच्या देशभरच्या नोंदी एकत्र तपासल्यावरच दिसतो.

ही तपासणी नुसत्या मोजणीने होत नाही. समजा, एकूण नोंदी एक लाख. एका औषधाच्या ५००, एका दुष्परिणामाच्या २०० आणि दोन्ही एकत्र फक्त ५. दुकानाच्या बिलांतून एकत्र खपणाऱ्या वस्तूंच्या जोड्या शोधतात तशी, जोडी एकूण नोंदींच्या किमान एक टक्का असावी, ही अट लावली, तर या पाच पहिल्याच फेरीत बाद. अट काढून टाकली, तर २,००० औषधं आणि ५,००० दुष्परिणामांच्या एक कोटी जोड्या समोर येतात. त्यांतल्या कित्येक निव्वळ योगायोगाच्या. म्हणून अपेक्षित आकडा काढायचा: ५०० गुणिले २००, भागिले एक लाख, म्हणजे १. आल्या पाच. या औषधाच्या नोंदींत प्रमाण एक टक्का, उरलेल्या ९९,५०० मध्ये १९५, म्हणजे जेमतेम ०.२ टक्के. किमान तीन नोंदी, या दोन प्रमाणांचं गुणोत्तर किमान दोन आणि काय-वर्ग (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, हे तपासणारा संख्याशास्त्रीय आकडा) किमान चार, ही रूढ कसोटी इथे पार होते. तरी हा संशयच. पुढे प्रत्येक केसपेपर वाचावाच लागतो.

खरा घोळ नोंदींतच असतो. एकाच रुग्णाची माहिती रुग्णालय आणि कंपनी दोघेही पाठवतात, मग पाचाच्या प्रत्यक्षात तीनच उरतात. वय, लिंग, औषध सुरू केल्याची आणि त्रासाची तारीख जुळवून दुबार नोंदी आधी काढायला हव्यात. एकच औषध निरनिराळ्या ब्रँडनावांनी लिहिलं, तर पाच नोंदी पाच ठिकाणी विखुरतात आणि काहीच दिसत नाही.

त्यामुळे डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांना कळकळीची विनंती: ‘गोळीने ॲलर्जी’ एवढंच लिहू नका. मूळ औषध, ब्रँड, बॅच क्रमांक आणि दोन्ही तारखा लिहा. रुग्णांनाही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्रास कळवता येतो. फोन करताना गोळ्यांची पट्टी हाताशी ठेवावी.

– औषध-सुरक्षा नोंदींचे विश्लेषक, पुणे