वर्षातून चार रविवार, भाडं बारा महिने?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोटोशॉपची वर्गणी घेऊ का, असं तू विचारलंस. माझ्या मते नको. तुझं काम काय, तर आजीच्या अल्बममधले फोटो नीट करायचे, छकुलीच्या वाढदिवसाची पत्रिका करायची आणि ताईच्या फॉर्मचा फोटो लहान करायचा. २०१३ मध्ये फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीने फक्त वर्गणीचीच पद्धत ठेवली, तेव्हापासून नवं फोटोशॉप पैसे भरत राहू तोवरच चालतं. रोज लग्नाचे अल्बम काढणाऱ्याला ते परवडतं. तू वर्षातून चार रविवार बसणार!

मित्राकडून ‘क्रॅक’, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची प्रत, मात्र आणू नकोस. त्याच लॅपटॉपवर तुझे बँकेचे व्यवहार चालतात.

फोटो सुधारायला जिंप हे सॉफ्टवेअर घे. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं, आजही फुकट आहे. सुरुवातीला मेनू बघून वैतागशील, पण मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० किंवा त्यापुढचीच आवृत्ती उतरवून घे. तिच्यात लावलेला फिल्टर नंतर बदलता येतो, काढून टाकता येतो. पूर्वी ती सोय नव्हती.

आजीचे जुने रंगीत फोटो लालसर झालेत, कारण त्यांतला निळसर रंग आधी उडतो. कलर्स मेनूत लेव्हल्स उघड, लाल, हिरवा, निळा असा एकेक चॅनेल निवड आणि दोन्ही टोकांचे त्रिकोण आलेखाच्या कडांपर्यंत आत सरकव. बराचसा फोटो तिथेच सुधारतो. ठिपके, ओरखडे घालवायला ‘हील’ आहे: कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक करायचं, मग डागावरून फिरवायचं. चेहऱ्यावर हात आखडता घे. आजोबांच्या कपाळावरची खूण पुसलीस तर आजी तुला घरात घेणार नाही.

पत्रिकेसाठी कुणी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल पाठवली, तर फोटोपी ही वेबसाइट ब्राउझरमध्येच ती उघडते. जाहिराती दिसतात, पण फोटो तुझ्याच मशीनवर राहतो. अफिनिटी हे फोटोशॉपसारखं सॉफ्टवेअरही ऑक्टोबर २०२५ पासून फुकट झालंय, फक्त त्याच्या मालक कंपनीचं, कॅनव्हाचं, खातं लागतं. वापरून बघ, पण सगळं काम त्याच्याच फॉरमॅटमध्ये अडकवू नकोस. कंपनीचं मन कधी फिरेल सांगता येत नाही.

ताईच्या आयबीपीएसच्या, म्हणजे बँकभरतीच्या, फॉर्मला २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो. त्याला इरफानव्ह्यू हे छोटं सॉफ्टवेअर पुरे, घरगुती वापराला तेही फुकट.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) कर आणि मूळ फाइल टिफमध्ये बाजूला ठेव. जिंपमधलं अर्धवट काम त्याच्याच एक्ससीएफ फॉरमॅटमध्ये साठव, जेपेग अगदी शेवटी काढ. ते पुन्हा पुन्हा सेव्ह केलं की फोटो खराब होत जातो. चार बाय सहा इंची प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल भरपूर.

अल्बम काकांबरोबर पाठवतोय. काळ्या पानांवर चिकटवलेले फोटो ओढून काढू नकोस, फाटतील. पानासकट स्कॅन कर.

तुझे,
बाबा