पडद्यावरचे शहर आणि त्यातला माणूस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

महानगर पाहायला तिथवर जायलाच हवे असे नाही, चित्रपटांतून ते पुरेसे कळते, असे तू गेल्या पत्रात लिहिले होतेस. ते वाक्य काही केल्या मनातून जाईना, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलो आहे. मला वाटते, चित्रपट आपल्याला शहराची उंची आणि पसारा दाखवतो. पण त्या इमारतींत माणूस कसा वावरतो हे फार थोडे दिग्दर्शक दाखवतात, आणि माझ्या लेखी वास्तुकला ती तिथेच असते.

जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस' या चित्रपटाचेच घे. त्यातल्या अजस्र इमारतींपैकी कितीतरी लहान प्रतिकृती होत्या. कॅमेऱ्यासमोर आरसा तिरपा धरायचा, त्याचा काही भागातला मुलामा खरवडून काढायचा, म्हणजे आरशात प्रतिकृतीचे प्रतिबिंब दिसते आणि खरवडलेल्या काचेतून पलीकडे उभे असलेले नट दिसतात. युक्ती विलक्षणच आहे. परंतु पडद्यावर ज्या वास्तूच्या पायथ्याशी माणूस उभा दिसतो, तिथे तो कधी उभाच नव्हता, हे कळल्यापासून मी प्रत्येक भव्य दृश्यात आधी माणूस शोधतो.

खरी इमारत वापरली तरी हा प्रश्न सुटतोच असे नाही. लॉस एंजेलिसमधली ब्रॅडबरी बिल्डिंग १८९३ सालची. बाहेरून साधी, आणि आत शिरल्यावर पाच मजल्यांची उंची व्यापणारा चौक, नक्षीदार लोखंडी कठडे, जाळीच्या उघड्या लिफ्ट आणि वरच्या काचेच्या छतातून खाली झिरपणारा दिवसाचा उजेड. १९८२ च्या 'ब्लेड रनर'मध्ये तीच वास्तू अंधारी, ओलसर आणि उजाड झाली आहे. तो चित्रपट मला मनापासून आवडतो. मात्र जी वास्तू उजेड आत घेण्यासाठी रचली गेली, ती जगभरच्या असंख्य प्रेक्षकांच्या मनात अंधाराची म्हणून कायमची बसली, याचे वाईट वाटते.

लांब पल्ल्याच्या लेन्सचेही तसेच आहे. ती मैलभर अंतरावरच्या इमारती एकमेकींना चिकटवून टाकते, आणि मग सगळीच शहरे गुदमरलेली भासतात.

या सगळ्यांत मला जवळचा वाटतो तो फ्रेंच दिग्दर्शक जाक तातीचा 'प्लेटाइम' (१९६७). त्यासाठी तातीने पॅरिसच्या कडेला काच आणि पोलादाचे अख्खे शहरच उभारले आणि त्या खर्चाने तो कर्जात बुडाला. त्याच्या चित्रपटात प्रवासी कंपनीच्या कार्यालयात निरनिराळ्या देशांची भित्तिपत्रके लावलेली आहेत आणि प्रत्येकावर तीच एक चौकोनी इमारत आहे. पॅरिसची जुनी ओळख कुठे दिसते, तर काचेचे दार उघडताना क्षणभर उमटणाऱ्या आयफेल टॉवरच्या प्रतिबिंबात. पुढे एका उपाहारगृहाचे काचेचे दार फुटून जाते, तरी द्वारपाल त्याची मूठ तेवढी हातात धरून, दार अजून तिथेच आहे अशा थाटात, येणाऱ्या प्रत्येकासाठी ती अदबीने पुढेमागे करत राहतो. आत येणाऱ्यांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. दार म्हणजे नेमके काय, किती काच आणि किती आपली सवय, हे त्या एका मुठीत मला जितके स्पष्ट दिसले तितके कुठल्याही हवाई दृश्यात दिसले नाही.

तो चित्रपट तू शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर पाहा. तातीने तो ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर चित्रित केला आहे, जवळून घेतलेली दृश्ये जवळपास नाहीतच, त्यामुळे कुठे पाहायचे हे आपल्यालाच ठरवावे लागते, एखाद्या अनोळखी शहरात पहिल्यांदा उतरल्यावर ठरवावे लागते तसे. तुझी नजर आधी कुठे गेली, ते मला अवश्य कळव.

तुझा स्नेही