लेस्टर, देवळाली आणि आईचा प्रश्न

लेस्टर (इंग्लंड), रविवार

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, रात्रपाळी असली की टॅक्सीनेच येते आणि थंडीचे कपडे भरपूर आहेत, तेव्हा हे विषय पुन्हा नकोत. आई, परवा तू फोनवर विचारलंस, "तिकडे आपल्या लोकांना हसतात का गं?" मी "काहीतरीच काय!" म्हणाले आणि विषय बदलला. बसमध्ये एका पोराने माझे उच्चार वेडावले हे सांगितल्यापासून तुझ्या मनात तेच घोळतंय, कळतंय मला. शाळकरी पोरगा होता तो, पुढच्या स्टॉपला उतरून गेला. वॉर्डात पेशंट माझा हात सोडत नाहीत, ते मात्र तू विसरतेस.

पण तुझा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर मला आमच्या घरमालकीणबाईंकडे मिळालं. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. जुन्या विनोदी मालिकांच्या डीव्हीडींनी त्यांचं कपाट भरलेलं आहे. मी नाशिकची म्हटल्यावर त्यांनी पटकन विचारलं, "म्हणजे देवळालीजवळ?" मी बघतच राहिले. इथे मुंबईच्या पलीकडचं कुणाला माहीत नसतं, आणि बाईंना देवळाली माहीत!

बाबा, झालंय असं की 1974 ते 1981 बीबीसीवर 'इट एन्ट हाफ हॉट मम' नावाची मालिका चालायची. दुसऱ्या महायुद्धात आपल्या देवळाली कॅम्पात सैनिकांसाठी नाटकं-गाणी करणाऱ्या एका ब्रिटिश तुकडीची गोष्ट. लिहिणाऱ्या दोघांपैकी जिमी पेरी स्वतः सैनिक म्हणून देवळालीत होते आणि असेच कार्यक्रम करायचे. त्यामुळे बराकीतला कंटाळा, घरी जायच्या बोटीची वाट बघणं, सगळं अगदी आजोबा सांगायचे तसंच. ते कॅम्पात दूध घालायला जायचे तेव्हा गोरे सोल्जर त्यांना कॅलेंडर दाखवायचे, ती गोष्ट आठवते ना?

पण त्यात रंगी राम नावाचा हिंदुस्थानी नोकर आहे. त्याचं काम केलंय मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, तोंडाला तपकिरी रंग फासून. माणूस झाशीत जन्मलेला, उर्दू अस्खलित बोलणारा, अभिनयही जीव ओतून केलेला. तरी रंग तो रंगच. आम्ही दोघी ती मालिका बघत होतो. तो पडद्यावर आला तशी बाईंनी रिमोट उचलला आणि आवाज पार कमी केला. त्यांचा अंगठा बटणावर तसाच राहिला होता, कान लाल झाले होते. म्हणाल्या, "आमची अख्खी गल्ली याला हसायची. शेजारी गुजराती कुटुंब राहायचं. त्यांना काय वाटत असेल, हा विचार एकदाही आला नाही."

ते कुटुंब युगांडाहून आलेलं. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा याच लेस्टरच्या नगरपालिकेने तिथल्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका. तरी हजारोंनी आले. आज इथल्या बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला पाय ठेवायला जागा नसते. म्हणजे बाहेर माणसं बदलत होती आणि टीव्हीवर अजून साहेब आणि नोकर चालू होता. आता बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवत नाही. मला विचाराल तर ती नाहीशी करू नये. बाईंसारखं कुणीतरी शेजारी बसून दाखवायला हवं.

'माइंड युवर लँग्वेज' तर तुम्ही ऐकलं असेल. 1977 ची, आयटीव्ही या खासगी चॅनेलवरची. परदेशी लोकांचा इंग्रजीचा वर्ग, प्रत्येक देशाचा एकेक नमुना. तिचंच आपल्याकडे 1993 मध्ये 'जबान सँभालके' झालं. पंकज कपूर मास्तर आणि विजू खोटे त्यात आपला मराठी माणूस. तुम्ही दोघं पोट धरून हसायचात म्हणे. ते हसणं वेगळं होतं, आई, कारण वर्गातले सगळे घरचेच होते. इथे हसणारे एकीकडे आणि ज्यांना हसायचं ते दुसरीकडे. चॅनेलवरच्या एका वरिष्ठ साहेबांनाच ते खटकलं आणि त्यांनी मालिका बंद केली.

पुढे लेखणीच ज्यांना हसायचे त्यांच्या हातात गेली. 1989 मध्ये 'डेझमंड्स' आली, लंडनच्या पेकममधल्या कृष्णवर्णीय न्हाव्याच्या दुकानाची. तिथे माणसं नुसती माणसं म्हणून भांडतात, प्रेम करतात, धंद्याची चिंता करतात. 1998 मध्ये 'गुडनेस ग्रेशस मी' टीव्हीवर आलं. ही सलग मालिका नाही, छोटे प्रवेश आहेत. त्यात मुंबईतली मित्रमंडळी रात्री इंग्लिश हॉटेलात जातात आणि वेटरला छळतात की सगळ्यात बेचव काय आहे ते आण. इथली मंडळी शुक्रवारी रात्री करीच्या हॉटेलात जे करायची ते तस्सं उलटं केलेलं. बाई हसून हसून खोकायला लागल्या, मला पाणी आणावं लागलं. मग 2001 चं 'कुमार्स ॲट नंबर 42' पाहिलं. त्यातली आजी म्हणजे नटी मीरा स्याल. पाहुण्याला नको ते थेट विचारते, आपल्या मोठ्या आत्यासारखी. रंगी रामपासून इथे पोचायला सत्तावीस वर्षं लागली. फार लागली असं मला वाटतं, पण पोचले.

आता एक गंमत सांगते, बाबांना मुळीच पटणार नाही. इथे टीव्ही बघायला लायसन लागतं! घरात स्वतःचा टीव्ही, स्वतःची वीज, तरी 2025 मध्ये वर्षाला 174 पौंड 50 पेन्स होते. म्हणजे वीस हजार रुपये धरा. ते पैसे बीबीसीला जातात, पण तुम्ही बीबीसी न बघता दुसऱ्या चॅनेलवर चालू कार्यक्रम बघितलात तरी भरायचेच. मोबाइलवर बघितलात तरी तेच. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला तेव्हा 58 पौंड 50 पेन्स, कारण तसे टीव्ही अजून काही घरांत आहेत. अंधांना अर्धी सूट. पंचाहत्तरीनंतर पूर्वी माफ होतं, 2020 पासून ते फक्त पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्यांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्यांनाच. त्यामुळे आमच्या बाई भरतात. नाही भरलं तर पत्रं येतात, मग माणूस दारात येतो, शेवटी कोर्ट. आजोबा रेडिओचं लायसन पोस्टात भरायचे तसंच. मी लायसन वेगळं भरत नाही, बाईंबरोबरच बघते, त्यामुळे "टीव्हीवर किती पैसे घालवतेस" हा प्रश्न येऊ देऊ नका.

आता मुद्द्याचं. बाबांच्या मोतीबिंदूसाठी साठ हजार पाठवलेत, मंगळवारपर्यंत जमा होतील. ऑपरेशन पुढे ढकलू नका. दादाच्या हप्त्यासाठी पुढच्या महिन्यात देईन. पूर्ण नाही जमणार, घरभाडं वाढलंय. ऑपरेशनच्या वेळी मी तिथे नसेन. रजा मागितली होती, मिळाली नाही. दादा सोबत असेल, मामाही येईल, तरी डोळ्यावर पट्टी असताना मला फोन लावून द्या, कितीही वाजले असोत.

आणि आई, पुण्याच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण लग्नानंतर मी नोकरी सोडून यावं अशी त्यांची अट असेल तर आधीच सांगून टाक की जमणार नाही. बाईंच्या कपाटात 1969 ची 'द लिव्हर बर्ड्स' आहे, लिव्हरपूलमध्ये एकत्र राहणाऱ्या दोन अविवाहित मुलींची, बायकांनीच लिहायला घेतलेली. तेव्हा बाई बावीस-तेवीसच्या. त्या म्हणतात, ती पाहिल्यावर त्यांच्या आईने पहिल्यांदा त्यांना नोकरीबद्दल नीट विचारलं. तूही विचार ना. मी सगळं सांगेन.

तुमची,
मृणाल

ता. क. पासबुक भरून घ्या आणि जमा झाल्याचं दादाला कळवायला सांगा. दिवाळीचा फराळ पाठवू नका, कुरियरला फार पैसे पडतात. चकल्या तेवढ्या पाठवल्या तरी चालतील.