मनूला पत्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

गणपतीत त्या काकू तुला म्हणाल्या ना, "फॉर्मवर इंडियन लिहीत जा गं, ब्लॅक कशाला सांगतेस?" फोनवर तू इतकी चिडली होतीस की माझं बोलणं राहूनच गेलं.

काकूंचं म्हणणं शंभर वर्षं जुनं आहे. तेव्हा अमेरिकेचं नागरिकत्व मागायला कायद्यात दोनच वाटा होत्या, गोरे किंवा आफ्रिकी वंशाचे. भारतातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंद यांनी कोर्टात सांगितलं, मी उच्च जातीचा, आर्य, म्हणून गोराच. जात दाखवून गोऱ्यांच्या पंगतीत पाट मागितला! 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने उठवून लावलं.

आणि त्याच्या पन्नास वर्षं आधी, 1873 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनीही 1946 मध्ये अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. माझ्याकडून काही घ्यायचंच असेल तर हे घे.

बाकी तुझं ब्लॅक असणं माझ्या हातचं नाही, ते तुझ्या बाबांकडच्या ग्रॅनीचं. शनिवारी संध्याकाळी ती तुला गुडघ्यांत धरून बसायची. केस ओले करायचे, रुंद दातांचा कंगवा टोकांकडून वर न्यायचा, मग कंगव्याच्या शेपटीने भांग पाडायचा. माझी फणी तिने पहिल्याच दिवशी काढून घेतली होती. वेण्या घालताना ती घराण्यातली माणसं एकेक करून सांगायची, मिसिसिपीतून शिकागोला कोण आलं, कोण मागे राहिलं. तिच्या बायबलात 1870 च्या जनगणनेतल्या एका पानाची झेरॉक्स आहे. तिच्या पणजोबांचं नाव तिथे पहिल्यांदा सापडतं. त्याआधीच्या याद्यांत गुलामांना बहुतेक नावच नसे. मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि रंग, बस्स.

2000 च्या जनगणनेपासून वंशाच्या एकाहून जास्त चौकोनांवर खूण करता येते. दोन्हीवर कर, नाहीतर एकट्या 'ब्लॅक'वर कर. मला अजिबात लागणार नाही. काकूंना लागलं तर त्यांचं त्या बघतील.

त्या पानाची प्रत हवी असेल तर ग्रॅनीला तूच फोन कर. मी मागितली तर कुणाकुणाला दाखवणार, ते आधी विचारते.

तुझी,
आई