बाबांना डेल्फ्टहून

डेल्फ्ट, रविवार

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दिवसभर त्या नळीपाशी उभी राहून करतेस तरी काय?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून हे पत्र.

नळी म्हणजे तीन मीटर उंच, तीन इंची काचेचा कॉलम. आत दर पाच सेंटिमीटरला चाळणीसारखी स्टीलची प्लेट. वरून पाणी उतरतं, खालून रॉकेल चढतं आणि जाता जाता रॉकेलमधला पदार्थ पाणी ओढून घेतं. तुम्हाला हे नवीन नाही. तुमच्या साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये ऊस पिळताना शेवटच्या मिलला साधं पाणी, तिथला पातळ रस आधीच्या मिलवर. उसाचा भुसा पुढे, रस मागे. तेच इथं उभं केलंय.

पण भोकं तीन मिलिमीटरची, त्यामुळे रॉकेल प्लेटखाली साचून बसतं. म्हणून तळाशी पिस्टन लावून सेकंदाला एक हिसका द्यायचा. ही युक्ती व्हान डाइक या डच इंजिनिअरच्या 1935 च्या पेटंटातली. कॉलमच्या आत हलणारा भाग एकही नाही, म्हणजे दुरुस्तीला आत शिरायला नको. अणुइंधनवाल्यांना ती आवडली ती यासाठीच. आपल्या ट्रॉम्बेला वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया करणाऱ्या, 1964 साली सुरू झालेल्या प्लांटमध्येही असेच कॉलम आहेत.

हिसका वाढवला की थेंब बारीक होतात, काम चांगलं होतं. मग जोरातच का नाही हलवायचं? मंगळवारी मी मधल्या प्लेटवर सुईनं खायचा लाल रंग सोडला. पाणी खाली चाललंय, तर रंगानंही खालीच जावं ना? पण दर हिसक्याला तो थोडा थोडा वर सरकला, चांगला दोन प्लेटा! आम्ही याला बॅकमिक्सिंग म्हणतो. पहिल्या मिलचा दाट रस कुणी नेऊन शेवटच्या मिलवर ओतला तर काय होईल? साखर भुशातच राहील. इथंही तसंच, तीन मीटरचा कॉलम दोन मीटरचं काम करतो.

मोजायला मिठाचं पाणी. वर एकदम सोडायचं, खाली मीठ किती आलं ते दाखवणारा मीटर लावून बसायचं. सगळं मीठ एकदम यायला हवं. पण आलेखाची शेपूट संपता संपत नाही. माझा प्रबंध म्हणजे ही शेपूट. त्यातही मोठ्या व्यासाच्या कॉलममध्ये हे आणखी बिघडतं, म्हणून माझे आकडे कारखान्याला जसेच्या तसे लागू पडायचे नाहीत.

गुरुवारी हव्यासानं हिसका फारच वाढवला. कॉलम ताकासारखा पांढरा झाला आणि रॉकेल खालच्या पाण्याच्या नळीतून बाहेर! दोन तास फरशी पुसली. स्वेटरला अजून स्टोव्हचा वास येतोय, आईला सांगू नका.

एक विचारायचं होतं. शेवटच्या मिलला पाणी जास्त झालं तर पुढे आटवायला वाफ जास्त लागते, एवढं मला कळतं. पण शिफ्टमध्ये तुम्ही ते कशावरून ओळखायचात? भुसा हातात घेऊन? पुढच्या रविवारी फोन करते, तेव्हा सांगा.

तुमची,
ताई