मागचा पाय

सोलापूर,
१८ जानेवारी २०२६

प्रिय बाबू,

तुझी कार्डिफच्या रग्बी मॅचमधली व्हॉइस नोट ऐकली. चार मिनिटांतली साडेतीन मिनिटं गर्दीच बोलतेय, मधूनमधून तुझं ‘ऐकतोयस ना बे?’ तेवढं कळतं. काल जेवण झाल्यावर गच्चीत जाऊन पुन्हा कानाला लावली. पंचाच्या नावानं निघालेल्या त्या हजारो लोकांच्या बूऽऽमध्ये एक बू मला ओळखीचा वाटला. नाकातून येणारा, शेवटी जरा फाटणारा. तुझाच. नाही म्हणू नकोस, पस्तीस वर्षं ऐकतोय तुझा आवाज.

मला इतकं हसू आलं की खालून हिनं विचारलं, काय झालं. आठवतंय का, मागच्या खेपेला आलास तेव्हा पार्क चौपाटीवर उभा राहून तू मला अर्धा तास व्याख्यान दिलं होतंस? पावभाजी गार झाली तुझी. रग्बीत पंचाला ‘सर’ म्हणतात. शंभर-सव्वाशे किलोचे गडी, नाकातून रक्त येतंय, तरी आपल्या खांद्याला लागेल एवढ्या माणसापुढं मान डोलावून मागं सरतात. पंचाशी बोलायचं ते कॅप्टननं. दुसऱ्या कुणी तोंड चालवलं की पेनल्टीची जागा दहा मीटर पुढं. आणि आपल्याकडं कबड्डीत, म्हणालास, ज्याला चड्डीची नाडी नीट बांधता येत नाही तेसुद्धा सरपंचाच्या, म्हणजे मुख्य पंचाच्या, अंगावर येतं. मी ऐकून घेतलं, कारण खरंच होतं. आणि आता कार्डिफच्या त्या मोठ्या स्टेडियमात तू स्वतःच! वरचं छप्पर मिटवलं की आवाजाला बाहेर जायला वाटच नसते, हेही तूच सांगितलं होतंस.

काकूंकडं परवा जाऊन आलो. गुडघे सोडले तर बऱ्या आहेत. गड्ड्याच्या जत्रेला न्या म्हणत होत्या, पण होम मैदानावरची गर्दी बघून रिक्षातूनच दाखवलं. ‘बाबू तिकडं मॅचला जातो म्हणे, थंडीत टोपी घालतो का?’ असं विचारत होत्या. घालतो म्हणून सांगितलंय. घाल.

तू डोक्यात भरवलंस तेव्हापासून मीही बघतो रग्बी. निवृत्त माणसाला मोबाइल आणि वेळ दोन्ही भरपूर. पण स्क्रममध्ये नेमकं कोण चुकलं हे अजून कळत नाही. तुला तरी कळतं का? सोळा माणसं एकमेकांत डोकी घालून कोसळतात, पंच हात वर करतो, आणि स्टेडियमभर लोक छातीठोकपणे सांगतात की उलटं आहे. आपल्याकडं बाहेरची टांग लागली की नाही, हे आखाड्याच्या पार पलीकडं शेंगा सोलत बसलेल्याला जसं स्वच्छ दिसतं, तसंच.

एक मात्र लक्षात आलं. त्यांचा बू आणि आपला हुर्यो एक नव्हे. हुर्यो उडवायला तोंड उघडावं लागतं, दात दिसतात, त्यात निम्मी मजाच असते. झेल सुटला की हुर्यो, वऱ्हाडाची जीप चिखलात रुतली की हुर्यो. बू ओठांचा चंबू करून काढतात. कोण काढतंय ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. चेहरा सभ्यच राहतो.

लिमरिकच्या थॉमंड पार्कबद्दल तू सांगितलं होतंस, की तिथं पाहुण्या संघाचा माणूस पेनल्टी मारायला उभा राहिला तरी सगळं मैदान गप्प होतं. तेव्हा मला थाप वाटली होती. पण परवा सम्मती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला उभा होतो. आजूबाजूला ही गर्दी, सगळ्यांच्या मुठीत तांदूळ, आणि ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर येईपर्यंत कुणी हात उचलत नाही. तेव्हा पटलं. गर्दी गप्प राहू शकते. तिला ते लहानपणापासून माहीत असावं लागतं, एवढंच. आणि एकदा कुणी पहिली मूठ उधळली की मग कुणाला थांबवता येत नाही.

रग्बीतही ही पहिली मूठ बऱ्याचदा गर्दीतला माणूस उधळतच नाही. २०२१ मध्ये ब्रिटिश अँड आयरिश लायन्सविरुद्धची पहिली कसोटी हरल्यावर दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संचालक रासी इरॅस्मस यानं पंचाच्या चुका दाखवणारा तासाभराचा व्हिडिओ केला होता. त्याच्यावर दोन महिने बंदी आली, पण तोवर तो जगभर फिरला होता. संघाचा वरचा माणूसच फळ्यावर चुका लिहून देतोय म्हटल्यावर पोरं काय शिकणार? मी छत्तीस वर्षं पीटी शिकवलंय, मला विचार.

दुसरी गोष्ट पडद्याची. मोठ्या पडद्यावर तीच टक्कर पाच-सहा वेळा, सावकाश दाखवतात. सावकाश दाखवलेली कुठलीही टक्कर मुद्दाम मारल्यासारखी दिसते, अगदी लग्नात आहेर घेताना लागलेला धक्कासुद्धा. पंच माइकवरून टीएमओशी, म्हणजे पडद्यावर बघून सांगणाऱ्या पंचाशी, बोलत असतो. टीव्हीसमोरच्याला ते सगळं ऐकू जातं. स्टेडियमात ज्यानं कानातला छोटा रेडिओ घेतलाय त्यालाही. बाकीच्यांना नुसतं चित्र. घरात फुकट बसलेल्याला कारण कळतं आणि पैसे मोजून आलेल्याला कळत नाही. मग तो बू करतो. या बाबतीत मी तुझ्या बाजूनं आहे, बघ.

पण आता पंच वेन बार्न्सचं घे. २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये, तुझ्याच कार्डिफात, फ्रान्सनं न्यूझीलंडला २०-१८ असं घरी पाठवलं. निर्णायक गुणांच्या ट्रायच्या आधीचा पास नियमाबाहेर पुढं गेलेला होता, तो त्याच्या नजरेतून सुटला. पोरगा अठ्ठावीस वर्षांचा. न्यूझीलंडनं वर्षानुवर्षं त्याच्या नावानं बोटं मोडली. सोळा वर्षांनी, २०२३ ला पॅरिसमध्ये फायनल त्याच्याकडंच आली, आणि समोर पुन्हा न्यूझीलंड! त्यांच्या कॅप्टनला, सॅम केनला, आधी पिवळं कार्ड. बाहेर बसलेल्या अधिकाऱ्यानं तपासून ते लाल केलं. पुरुषांच्या फायनलमधलं पहिलं लाल कार्ड. दक्षिण आफ्रिका १२-११ नं जिंकली. काही दिवसांत १११ कसोटींनंतर बार्न्सनं शिट्टी खाली ठेवली. त्याचा टीएमओ टॉम फोली शिव्या आणि धमक्यांना कंटाळून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाजूला झाला. बार्न्सच्या बायकापोरांनाही धमक्या आल्या होत्या.

स्टेडियमातला बू ऐंशी मिनिटांत संपतो रे. हा घरी येतो.

२००२ मध्ये डरबनला एक प्रेक्षक थेट मैदानात घुसला आणि पंच डेव्हिड मॅकह्यू यांना खाली पाडलं, खांदा निखळला त्यांचा. त्या माणसाला ओढून काढलं ते दोन्ही संघांच्या खेळाडूंनी मिळून. आपल्याकडं मात्र गेल्या वर्षी फेब्रुवारीत, अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत, पंचाला लाथ घातली ती मल्लानंच. दोन मल्लांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली. त्याआधी २०२३ च्या जानेवारीत पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची माती विभागातली कुस्ती झाली ती तर तुलाही तोंडपाठ असेल. दोघंही आपल्या जिल्ह्याचे. बाहेरच्या टांगेला चार गुण दिले ते बरोबर की चूक, यावरून इथल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर दोन पार्ट्या पडल्या. मी एका ठिकाणी ‘पंचाला कुठल्या बाजूनं दिसलं ते बघायला पाहिजे’ एवढंच बोललो, तर चहावाल्यानं माझा कप अर्धा असतानाच उचलला. त्या पंचांनाही फोनवरून धमकी आली होती.

एवढं सगळं सांगून मी पंचांची बाजू घेतोय असं तुला वाटेल. घेतोयच. पण या पत्राला बसलो ते त्यासाठी नाही.

पंच क्रेग जुबेअरची गोष्ट वाचल्यापासून मला नीट झोप नाही. २०१५, ट्विकनहॅम, वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी. शेवटच्या मिनिटांत त्यानं ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली, स्कॉटलंड ३५-३४ नं हरलं. शिट्टी वाजल्याबरोबर तो कुणाशी हात न मिळवता पळत आत निघून गेला. नंतर वर्ल्ड रग्बीनं सांगितलं, ती पेनल्टी नव्हतीच, स्क्रम द्यायला हवा होता. लोक त्याला भित्रा म्हणतात. मी मोबाइलवर त्याचं ते पळणं चार-पाच वेळा पाहिलं आणि दर वेळी मला एकच वाटलं, की तो निदान पळाला. मी थांबलो होतो. हार घालून घेतला होता.

२००९ ची जत्रा आठव. गावाचं नाव लिहीत नाही. अक्कलकोट रस्ता, रात्रीचे साडेअकरा, दोन हॅलोजन, माती, फक्कीच्या रेषा. कबड्डीची फायनल. मी पंच, टेबलावर तू गुणलेखक. गाव विरुद्ध आपल्या अशोक चौकातली गिरणी कामगारांची पोरं. चार मिनिटं राहिली असताना मी शहराच्या पोराला बोनस दिला. स्वच्छ बोनस होता, मागचा पाय हवेत. आणि हुर्यो उठला. तो दात दाखवणारा नव्हे. ‘पंच खाऊन आलाय’, ‘पंचाला बसवून ठेवा आज’, मग बायकांच्या बाजूनंसुद्धा शिट्ट्या. एक चप्पल माझ्या पायाशी पडली. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि शांत असल्याचं दाखवलं. छाती इतकी धडधडत होती की शिट्टी ओठात हलत होती.

शेवटच्या मिनिटात गावचा गडी चढाईला आला. सहा जण पकडीला. त्यानं बोनस रेषेपलीकडं पाय टाकला, आणि मागचा पाय जमिनीवर होता. टाच नव्हे, सबंध चवडा. मी तीन हातांवर होतो. दिसलं नाही असं म्हणता येत नाही, मला बोटंसुद्धा दिसली. आणि माझा अंगठा वर गेला. मी केला असं म्हणत नाही, गेला. सरपंचानं माझ्याकडं पाहिलं, त्याच्या बाजूनं दिसत नव्हतं, त्यानं मान्य केला. बरोबरी. मग पाच-पाच चढाया, आणि गाव जिंकलं.

जो हुर्यो मला बसवून ठेवणार होता तोच ‘पंच एक नंबर!’ म्हणू लागला. हार, श्रीफळ, टॉवेल. सरपंचांच्या वाड्यावर (गावच्या, खेळातल्या नव्हे) पुरणपोळीचं जेवण. तू दोन वाट्या आमटी प्यायलास.

शहरवाल्यांचा कॅप्टन भांडला नाही. शर्ट घालता घालता जवळ आला आणि म्हणाला, ‘सर, मागचा पाय?’ बस. तू ज्याचं कौतुक करतोस ना, तो एकटा कॅप्टन, तो ‘सर’, तो मला त्या रात्री आपल्याच मातीत भेटला होता. मी म्हणालो, ‘निर्णय झाला, चला.’ तो गेला. पुढं बऱ्याच वर्षांनी तो सात रस्त्यावर रिक्षा चालवताना दिसला. ओळख दाखवली, पैसे घ्यायला तयार नव्हता. मी बळंच दिले.

म्हणून लोक जेव्हा म्हणतात की हुर्योनं पंचाचा अपमान होतो, तेव्हा मी गप्प बसतो. अपमानाचं काय, अंघोळ केली की जातो. त्या रात्री त्या आवाजानं मला दुखावलं नव्हतं, वाकवलं होतं. आणि वाकल्यावर त्यानंच पाठ थोपटली. तुझ्या त्या व्हॉइस नोटमधला पंच वाकला का रे नंतर? पुढच्या दहा मिनिटांत एखादी पेनल्टी तुमच्याकडं जराशी सैल आली का? तू मॅच संपेपर्यंत होतास, तू नीट सांग.

आणि दुसरं. परत येताना जीपमध्ये आपण दोघं मागं बसलो होतो, टॉवेल माझ्या मांडीवर. तू एरवी बोलबोल बोलतोस, त्या रात्री वळसंगपासून सोलापूर येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीस. मी समजलो, जेवण जड झालं. पण तुझं टेबल बोनस रेषेच्या अगदी समोर होतं, बाबू. मी अंगठा वर केला तेव्हा तू वहीत गुण मांडलास आणि मान वर केलीच नाहीस.

तू पाहिलं होतंस का?

फोनवर सांगू नकोस. लिहून पाठव.

तुझा,
पक्या

ता. क. काकूंनी शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा केलाय. जोशी गल्लीतला कुणी पुढच्या महिन्यात लंडनला निघालाय म्हणे, त्याच्याबरोबर देतो. भाकरीचा चुरा झाला तर मला बोलू नकोस.